बहात्तर लाख अंकांची स्वयंभू संख्या
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात गणिताचे व्याख्यान ठेवायचे म्हणजे मंडळाने मोठेच धाडस केले आहे. काल याच व्यासपीठावर भावगीते झाली, उद्या पाककलेची स्पर्धा आहे. मधल्या दिवशी आम्ही चार निवृत्त गणित शिक्षक. दोघे बेळगावचे, एक निपाणीचा, एक खानापूरचा. बोलतो एकजण, पण मजकूर चौघांचा आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. फळ्यावर लिहू ते मागच्या रांगेतल्यांना दिसले नाही तर हात वर करा. सवयीने आम्हाला ते आवडते.

विषय आहे एक संख्या. ती संपूर्ण लिहून दाखवता येणार नाही, कारण तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. या स्मरणिकेच्या एका पानावर दाटीवाटीने ३००० अंक बसवले तरी सुमारे २४१२ पाने लागतील. सेकंदाला एक अंक या गतीने, न थांबता, न झोपता वाचायची तर जवळजवळ ८४ दिवस. यंदा चतुर्थीला वाचायला बसलेला माणूस तुळशीची लग्ने उरकून गेल्यावरही वाचतच असेल. एवढ्या मोठ्या संख्येशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो देवळालीच्या एका शाळामास्तरांमुळे आहे. तिथवर यायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी मोदकांपासून सुरुवात करू. गणपतीला एकवीस मोदक. ताटात तीन रांगा, प्रत्येकीत सात, चौकोन नीट भरतो. निपाणीकरांना विड्यांचा कट्टा ठाऊक आहे, त्यातल्या पंचवीस विड्या पाच-पाचच्या पाच रांगांत बसतात. पण तेवीस मोदक घ्या. दोन रांगा करा, तीन करा, चार करा, दरवेळी काहीतरी उरते नाहीतर कमी पडते. तेवीस मोदकांची एकच सरळ ओळ होते, चौकोन होत नाही. अशा संख्येला आपण मूळ संख्या म्हणतो आणि एकवीससारखीला संयुक्त संख्या. आपल्या बेळगावच्या गाड्यांचा क्रमांक २२, म्हणजे दोन गुणिले अकरा, संयुक्त. निपाणीच्या गाड्यांवर चिक्कोडीचा २३ असतो, तो मूळ. (निपाणीकरांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. निपाणीचा पिन ५९१२३७ आहे, त्याच्या अंकांची बेरीज २७, म्हणजे नऊने सरळ भाग जातो. बेळगावच्या ५९०००१ ची बेरीज १५, त्याला तीनने जातो. बरोबरी झाली.)

इथे एक गोष्ट आमच्या रोजच्या अनुभवातली. आम्ही संध्याकाळी मुलांना तासभर गणित शिकवतो. सीमाभागातले मूल सातवीपर्यंत मराठी शाळेत 'मूळ संख्या' शिकते. पुढे कन्नड माध्यमाच्या वर्गात गेले की तिला 'अविभाज्य संख्ये' म्हणतात, इंग्रजीत गेले की 'प्राइम नंबर', आणि हिंदीतला व्हिडिओ पाहिला की 'अभाज्य संख्या'. एका मुलीने आम्हाला विचारले होते, "सर, ह्या चार वेगवेगळ्या संख्या की एकच?" तिला सगळ्या व्याख्या पाठ होत्या, पण त्या एकाच वस्तूच्या आहेत हे कुणी सांगितले नव्हते. तेव्हापासून आम्ही फळ्यावर चारही शब्द एकाखाली एक लिहितो आणि त्यांच्यासमोर तेवीस ठिपके काढतो. 'मूळ' हा शब्द आम्हाला जास्त आवडतो हे कबूल. संयुक्त संख्या ज्यांच्या गुणाकारातून उभ्या राहतात त्या मुळाशी असतात, हे त्यात आपोआप आले. पण कन्नडातला 'अविभाज्य' हा शब्द कसोटी नेमकी सांगतो, हेही मान्य केले पाहिजे.

आता दुसरी कल्पना. ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ ला पदवी घेतली. पुढचे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ पर्यंत तेच काम केले. १९५६ पर्यंत देवळाली आणि बेळगाव एकाच मुंबई राज्यात होते, तेव्हा नोकरीच्या भाषेत ते आपल्याच प्रांतातले मास्तर.

त्यांना संख्यांचे वेड होते. रेल्वेच्या फलाटावर उभे असतानाही डोक्यात तेच. आजच्या डोंबिवलीच्या स्टेशनाचे जुने नाव डेम्लो. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' हेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, हा तो परिवार. ६१७४ ची करामत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९४९ सालचा हा शोध. मोबाइलवर त्याच्याखाली 'ब्रह्मांडाचे रहस्य' वगैरे जोडलेले असते, ते सोडून द्या. कापरेकर अंकशास्त्री ज्योतिषी नव्हते, गणिती होते. आणि २०२५ हे वर्ष घ्या. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

पण आपल्याला हवी आहे त्यांची स्वयंभू संख्या. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे कुळवृत्तांत छापलेले आहेत, म्हणून तीच भाषा वापरतो. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ अधिक ५ म्हणजे ६ मिळवले की २१. तर १५ हा २१ चा जनक. १५ चा जनक १२, कारण १२ अधिक ३. बाराचा जनक ६, सहाचा जनक ३. तिनाच्या मागे जायला वाट नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून ३ येत नाहीत. म्हणजे बाप्पाच्या एकवीस मोदकांचा मूळपुरुष ३. ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशी ती यादी पुढे जाते, आणि ती कधीच संपत नाही. जपमाळेचे १०८ मणी घ्या, १०८ स्वयंभू आहे. काही संख्यांना दोन जनक असतात. १०० अधिक १ म्हणजे १०१, आणि ९१ अधिक १० म्हणजेही १०१. अशांना कापरेकर जंक्शन म्हणत. लोंढ्याला आणि मिरजेला गाडी बदललेल्या माणसांना हा शब्द समजावून सांगायला नको.

१९६३ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी या संख्यांवर देवळालीहून एक पुस्तिका काढली. त्यांचे बरेचसे लिखाण असे छोट्या पुस्तिकांतून आणि फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांतून आले. विद्यापीठांतल्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटे आणि ते हसत. पेन्शन तुटपुंजी, म्हणून उतारवयात शिकवण्या. मग १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि सत्तरीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते गेले. आज गणिताच्या कोशांत स्वयंभू संख्यांना 'देवळाली संख्या' असेही नाव आहे. पोरखेळ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या गावाचे नाव कोशात गेले, हा प्रश्न आम्ही शिक्षक आपापसांत विचारत असतो.

आता तिसरी वाट, आणि मग तिन्ही एकत्र येतील. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे ठेवण्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पहिल्या घरात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट. पाच घरे भरली की एकूण दाणे ३१. सात घरांना १२७. म्हणजे जितकी घरे तितके दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि एक वजा करायचा. अशी बेरीज मूळ संख्या निघाली, तर सतराव्या शतकातल्या मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूवरून तिला मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१ या पहिल्या पाच.

घरांची संख्या संयुक्त असेल तर दाण्यांची संख्याही संयुक्तच येते. याचे कारण डेम्लो संख्यांच्या घराण्यातूनच दाखवतो. संगणक फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. त्या लिपीत ३१ म्हणजे ओळीने पाच एकडे, १२७ म्हणजे सात एकडे. सहा एकडे घ्या, १११११११ नव्हे, मोजून सहा: १११११ आणि आणखी एक. तीन-तीनच्या दोन गटांत ते पडतात, म्हणून ते १११ गुणिले १००१ आहेत. आपल्या दशमान पद्धतीत गुणून पाहा, उत्तर सहा एकडेच येते. संगणकाच्या लिपीत तोच गुणाकार ७ गुणिले ९ बरोबर ६३ असा आहे. मोदकांचा चौकोनच तो, फक्त एकड्यांचा. मात्र उलट बाजू खरी नाही. ११ मूळ आहे, पण अकरा घरांचे दाणे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. म्हणून प्रत्येक वेळी तपासावेच लागते.

तपासण्याची रीत इतकी साधी आहे की आम्ही ती आठवीला शिकवतो. लुकास आणि लेमर या दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. चारापासून सुरू करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घरे जितकी त्याहून दोन कमी वेळा हे करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ साठी पाच घरे, म्हणजे तीन पायऱ्या. चाराचा वर्ग १६, वजा दोन १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, एकतीसने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, वजा दोन ६२, एकतीसने भागून बाकी शून्य. झाले. १२७ घरी करून पाहा, पाच पायऱ्या आहेत.

आता आपली संख्या. पटाला घरे २,४०,३६,५८३. दोनाचा तेवढा घात, वजा एक. १५ मे २००४ रोजी जॉश फिंडली या अमेरिकन स्वयंसेवकाच्या संगणकाने ती मूळ असल्याचे दाखवले. 'गिम्प्स' नावाचा एक जागतिक उपक्रम १९९६ पासून चालू आहे. त्यात हजारो लोक आपला संगणक रिकाम्या वेळात या शोधाला देतात. फिंडली यांचा संगणक साधा पेन्टियम होता, त्याला सुमारे दोन आठवडे लागले. आपण आत्ता ३१ साठी तीन पायऱ्या केल्या. त्याने २ कोटी ४० लाख ३६ हजार ५८१ केल्या, आणि प्रत्येक पायरीवर लाखो अंकांच्या संख्येचा वर्ग.

ती मूळ ठरली. ती स्वयंभूही आहे का? तिला कापरेकरांच्या अर्थाने जनक आहे का? वरवर वाटते, हे कोण तपासणार? पण ८१९१ वर आधी सराव करा. ८१९१ ला नवाने भागून बाकी १ उरते. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाने भागल्यावरची बाकी सारखीच असते. म्हणून जनकाची बाकी जी असेल तिची दुप्पट केली की १ उरला पाहिजे. ती बाकी ५ च. तेव्हा जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३ किंवा ३२. ८१९१ मधून ५ वजा केले तर ८१८६, त्याची बेरीज २३, जमले नाही. १४ वजा केले तर ८१७७, पुन्हा २३, नाही. २३ वजा केले तर ८१६८, बेरीज २३. जमले. ८१६८ हा जनक सापडला, ८१९१ स्वयंभू नाही.

आपल्या राक्षसालाही नवाने भागून बाकी १ च उरते. दोनाच्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहा-सहाच्या फेऱ्यात फिरतात आणि २,४०,३६,५८३ ला सहाने भागून १ उरतो, म्हणून हे कळते. त्याच धर्तीवर तिचा शेवटचा अंक ७ आहे हेही कागदावर निघते. सगळे ७२ लाख अंक नऊ धरले तरी अंकांची बेरीज साडेसहा कोटींच्या थोडी पुढे जाते, म्हणजे आठ आकडी. तेव्हा जनक असलाच तर तो आपल्या संख्येच्या तेवढाच मागे असणार. फक्त शेवटचे आठ अंक बदलतील, आधीचा भाग जसाच्या तसा राहील किंवा हातच्यामुळे एकाने कमी होईल. शेवटच्या आठ अंकांची बेरीज शून्य ते ७२ च्या मधे, आणि त्यातही नवाची बाकी ठरलेली. प्रत्येक बाबतीत आठ किंवा नऊ उमेदवार, दोन्ही मिळून फार तर अठरा. चौऱ्याऐंशी दिवस वाचायला लागणारी संख्या, आणि तिचे कुळ तपासायला अठरा प्रयत्न! एकदा सगळे अंक लिहून त्यांची बेरीज करायची, ते काम संगणकाचे.

२००६ सालच्या ऑक्टोबरात ल्यूक पेबडी यांनी दाखवले की या संख्येला जनक नाही. ती स्वयंभू आहे. त्या वेळेपर्यंत माहीत असलेल्या मेर्सेन मूळ संख्यांपैकी स्वयंभू असलेली ही सर्वांत मोठी, आणि म्हणून तेव्हाची सर्वांत मोठी ज्ञात स्वयंभू मूळ संख्याही हीच. तिच्यानंतर सापडलेल्या, तिच्याहून मोठ्या तीन मेर्सेन संख्या २००६ मध्ये हाताशी होत्या, त्या या कसोटीला उतरल्या नाहीत. तिची धाकटी भावंडे आपल्या ओळखीची आहेत. ३, ७ आणि ३१ या तिन्ही मेर्सेन मूळ आणि तिन्ही स्वयंभू. १२७ नाही, त्याचा जनक १२२.

मोठेपणाचा मान नंतर दुसरीकडे गेला. १२ ऑक्टोबर २०२४ ला ल्यूक ड्युरँट यांनी १३,६२,७९,८४१ घरांची मेर्सेन मूळ संख्या शोधली. ४,१०,२४,३२० अंक. ती वाचायला बसलात तर पुढच्या वर्षीचे गणपती येऊन जातील. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कुणीही सिद्ध करू शकलेले नाही.

व्याख्यानाच्या तयारीत आम्हा चौघांत वाद झाला तो सांगतो. आमच्यातले एक म्हणाले, मूळपणा खरा, स्वयंभूपणा खोटा. त्यांचे म्हणणे असे. तेवीस ठिपके मराठी अंकांत लिहा, एसटीच्या पाटीवर असतात तशा कन्नड अंकांत लिहा, संगणकाच्या शून्य-एकात लिहा, चौकोन होत नाही तो नाहीच. स्वयंभूपणा मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर टिकून आहे. मराठी आणि कन्नड अंक दोन्ही दशमान, म्हणून तिथे फरक पडत नाही. पण दहाऐवजी दुसरा पाया घेतला की अंकांची बेरीज बदलते आणि १०८ चे स्वयंभूपण जाईल किंवा राहील, कुणी सांगावे. संख्येचा स्वभाव वेगळा आणि तिच्या पोशाखाचा गुण वेगळा. विद्यापीठातले लोक कापरेकरांना हसत ते याच कारणाने.

खानापूरच्या सरांनी याला दिलेले उत्तर आम्हाला पटले. ते म्हणाले, माणसाला संख्या पोशाखातच भेटते. आमच्या वर्गातली पोरे मूळ संख्येच्या व्याख्येला जांभई देतात, पण आपल्या जन्मवर्षाचा जनक शोधायला तासभर बसतात. आणि शोधता शोधता नवाची बाकी आपोआप शिकतात, जी पुढे खऱ्या गणितात लागते. आज तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवता तेव्हा मागे जी कुलपे असतात त्यांत सुमारे तीनशे अंकी मूळ संख्या वापरल्या जातात, आणि त्या कुलपांचे सगळे गणित बाक्यांचेच आहे. आपला ७२ लाख अंकांचा राक्षस त्या कामाला लागत नाही, तो निव्वळ हौसेचा. पण देवळालीच्या मास्तरांची व्याख्या तिसऱ्या देशातल्या माणसाने अमेरिकेत सापडलेल्या संख्येला लावून पाहावी, एवढी ती हौस लांब गेली.

आमच्या संध्याकाळच्या तासाला यंदा अकरा मुले येतात. मागे ती चाळीसच्या आसपास असत. काहींचे पालक नोकरीसाठी पुण्याला गेले, काहींनी मराठीतून गणित शिकून पुढे उपयोग काय असे सांगितले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. अकरा ही मूळ संख्या आहे, तिच्या रांगा करता येत नाहीत, म्हणून मुलांना गोल बसवतो आणि फळ्यावर चारही शब्द लिहितो. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर नाव सांगावे. फी नाही. कोणत्या माध्यमाच्या शाळेत जाता हे आम्ही विचारत नाही.

जाता जाता मुलांसाठी. २०२५ हे जंक्शन आहे, त्याला दोन जनक आहेत, दोन्ही शोधा. २०२२ साल स्वयंभू होते, नवाची बाकी वापरून पडताळा. त्याच्या पुढचे स्वयंभू वर्ष कोणते, हे आरतीच्या आधी जो सांगेल त्याला पहिला मोदक. मोठ्यांनी कानात सांगायचे नाही.